पाचचा पॉइंट, पंधराची पिन

पहाटे पावणेपाचला फोन वाजला की पोटात धस्स होतं. घरात कोणी आजारी नसलं तरी होतंच. त्या दिवशी फोन होता आमच्या बचतगटातल्या एका मैत्रिणीचा. डबे करते ती, रोजचे बावीस-चोवीस. "ताई, गाडीची पिन जळली. भिंत काळी झालीय. घरमालक काका खाली उभे राहून ओरडतायत. येता का जरा?"

गेले. जायलाच हवं होतं, कारण ती गाडी घे म्हणून तिच्या मागे लागलेली मीच होते.

जुन्या स्कूटीच्या पेट्रोलमध्ये तिच्या डब्यांचा नफा चालला होता. गटाचं कर्ज घेऊन इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी, हे मी तिला वहीत हिशेब मांडून पटवलं. एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण साडेतीन युनिट, एक दिवसाआड चार्ज केली तर महिन्याला पन्नासेक युनिट. तिचं बिल आधीच ऐंशी-नव्वद युनिटचं, म्हणजे शंभराच्या वर जाणार आणि वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागणार, हेसुद्धा मी धरलं होतं. एवढी हुशारी केली, पण एक साधा प्रश्न काही सुचला नाही. गाडी लावणार कुठल्या पॉइंटला? मी विचारलं नाही, तिने विचारलं नाही, आणि शोरूममधला मुलगा तर म्हणाला, "मोबाईलसारखी लावायची मॅडम. घरात कुठेही."

मोबाईलसारखी! मोबाईलचा चार्जर असतो वीस-पंचवीस वॉटचा. तिच्या स्कूटरच्या चार्जरवर मागे बारीक अक्षरांत छापलेलं मी नंतर चष्मा लावून वाचलं, नऊशे वॉट. म्हणजे सलग चार तास इस्त्री चालू ठेवण्यासारखंच झालं की.

वाड्यातल्या तिच्या दोन खोल्या मैत्रिणींनो तुम्ही पाहिल्या नसतील, पण अशा खोल्या तुम्हाला माहीत आहेत. स्वयंपाकघरात एक बोर्ड, त्यावर पाच ॲम्पिअरचे दोन पॉइंट. एकाला ॲक्वागार्ड. दुसऱ्याला मल्टिप्लग, त्यात फ्रीज आणि मिक्सर. गाडीच्या चार्जरची पिन मात्र जाडी, पंधराची. ती काही पाचच्या भोकात जाईना. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून साठ रुपयांची कन्व्हर्टर पिन आणली. मागे जाडी भोकं, पुढे बारीक पिना. ती मल्टिप्लगमध्ये, त्यात एक्स्टेन्शन, ते खिडकीतून खाली अंगणात गाडीपर्यंत. वायर लांब होती म्हणून उरलेला वेढा खिळ्याला नीट गुंडाळून टांगलेला. अगदी टापटीप!

चार महिने चाललं. त्या पहाटे साडेचारला गाडी अजून चार्जिंगला होती, फ्रीज चालूच होता, आणि तिने शेंगदाण्याची चटणी वाटायला मिक्सर सुरू केला. मिक्सरचा आवाज बसल्यासारखा झाला, चर्रर्र झालं आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. बाई डोक्याची शाबूत. पाणी ओतलं नाही, आधी जाऊन मेन स्विच पाडला. मग मुलांना उठवून बाहेर काढलं. एवढ्यावर निभावलं ते तिच्यामुळे.

सकाळी वायरमनदादा आले. माझ्या माहेरच्या घराचं फिटिंग त्यांनीच केलेलं, वय सत्तरीच्या पुढे. ती जळकी कन्व्हर्टर पिन त्यांनी हातात घेतली, फोडली आणि आतली पट्टी मला दाखवली. पत्र्याच्या डब्याचं झाकण जाड असेल इतकी पातळ. "वहिनी, ह्या पिनने भोकाचा आकार बदलतो. भिंतीतली वायर बदलत नाही."

दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध संपला, पुढे मी मराठी घेऊन बीए झाले. पण दादांनी जे सांगितलं ते मला लगेच कळलं, कारण त्यात सगळी भांडीकुंडी आपलीच होती. आपण पाच आणि पंधरा म्हणतो, आता त्यावर सहा आणि सोळा छापलेलं असतं. घरातली वीज २३० व्होल्टची. सहाने गुणलं तर १,३८० वॉट, सोळाने गुणलं तर ३,६८० वॉट. झाली त्या पॉइंटची ऐपत. तिच्या मल्टिप्लगवर गाडीचे नऊशे, मिक्सरचे साडेसातशे आणि वर फ्रीज. हिशेब तिथेच ओलांडला होता.

"पण फक्त गाडीच असती तर?" मी विचारलं. "नऊशे तर बसतात की."

"बसतात," दादा म्हणाले, "पॉइंट घट्ट असला तर." वीज तापवते ती जिथे सांधा सैल असतो तिथे. पिन भोकात ढिली, भोकात पट्टी ढिली, मल्टिप्लग बोर्डात ढिला. एका कन्व्हर्टरने असे चार सांधे वाढतात. शिवाय करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दुप्पट नाही. वेटोळं करून टांगलेल्या वायरची उष्णताही बाहेर पडत नाही, ती आतल्या आत शिजत राहते. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेळेची. दोन हजार वॉटचा गीझर आपण वीस मिनिटं लावतो, पाणी तापलं की तो आपला आपण बंद पडतो. मिक्सर तर दोन मिनिटांचा. गाडी मात्र तासन् तास एकसारखी ओढत असते आणि तेव्हा घर झोपलेलं असतं. जो पॉइंट वीस वर्षं मिक्सर सांभाळत आला तो गाडी सांभाळेलच असं नाही.

तरी फ्यूज कसा उडाला नाही? दादांनी मीटरजवळचा जुना किटकॅट ओढून काढला आणि हसले. आत फ्यूजच्या तारेऐवजी वायरची जाड तार पिळून घातलेली. कोणी, केव्हा, कुणास ठाऊक. सारखा फ्यूज जातो म्हणून वैतागून कुणीतरी ती 'सोय' केलेली. आजकालच्या घरांत तोच प्रकार एमसीबीचा होतो. एमसीबी पडतोय? मोठा बसवा! अहो, तो पडतो तेव्हा त्याचं काम करत असतो.

खरी पंचाईत पुढेच होती. काकांनी सांगून टाकलं, वाड्यात गाडी चार्ज करायची नाही, नाहीतर खोल्या सोडा. मी कागद घेऊन गेले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांप्रमाणे घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे त्यांना वाचून दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "त्या मंत्रालयाला सांगा, माझ्या सागवानी तुळया पेटल्या तर विझवायला या."

राग आला. पण रात्री विचार केला तर त्यांचं काय चुकलं? वाड्यात पाच बिऱ्हाडं, जिना लाकडी. २०२२ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागून धुराने बाप आणि मुलगी गुदमरून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि गेला. त्यानंतर बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे नियम डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत कडक केले गेले, आणि ते बरंच झालं. पण नियम गाडीला आहेत. आपल्या भिंतीतला पॉइंट तपासायला कोण येतंय?

इकडे तिची गाडी उभी, कर्जाचा हप्ता चालू, आणि डबे पुन्हा रिक्षाने. त्या आठवड्यात तिने मला एकदाही टोचून बोललं नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

याच दिवसांत न्यू जर्सीच्या भाचीचा फोन आला. तिची टेस्ला आहे. मी तिला आमचं रामायण सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आमच्याकडेही ॲडॉप्टर लावूनच चार्ज करतात." मी चमकले. मग तिने नीट सांगितलं. त्यांच्याकडचा साधा पॉइंट १२० व्होल्टचा, १५ ॲम्पिअरचा. कपडे वाळवायच्या मशीनचा वेगळा, २४० व्होल्टचा, ३० ॲम्पिअरचा. गाडीच्या केबलला दोन्हींसाठी कंपनीचेच वेगवेगळे ॲडॉप्टर मिळतात. साध्या पॉइंटचा ॲडॉप्टर लावला की केबलला ते कळतं आणि गाडी बाराच ॲम्पिअर घेते. तासभर लावली तर पाचेक किलोमीटरचं चार्जिंग, गोगलगायच! ड्रायरचा लावला की चोवीस. पंधराला बारा, तीसला चोवीस, म्हणजे तासन् तास ओढायचं तर ऐपतीच्या ऐंशी टक्केच घ्यायचं, असा तिथला नियम. प्लग तापला तर केबल आपणहून करंट कमी करते. म्हणजे तो ॲडॉप्टर गाडीला बजावतो, बाई गं, या घरात एवढंच मिळेल, एवढंच घे. आपली साठ रुपयांची कन्व्हर्टर पिन कुणाला काहीच सांगत नाही.

तिकडे पुण्यात आमच्या धाकट्या दिरांनी चारचाकी घेतलेली, नेक्सॉन, तीस युनिटच्या बॅटरीची. सोबत आलेला चार्जर पंधराच्या पॉइंटचा, ३.३ किलोवॉटचा, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास. पहिले काही दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या गीझरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन खाली सोडत होते. माझी जाऊ रोज सकाळी आंघोळीला थांबून राहायची! तिनेच एक दिवस त्या प्लगला हात लावला आणि चटका बसला. मग मात्र आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली, बिलावरचा 'मंजूर भार' पाहून तोही वाढवून घेतला. सोसायटीने परवानगीला तीन महिने लावले, ते पुराण वेगळं.

आमच्याकडे आणखी एक भानगड निघाली. दादांच्या आधी एक तरुण वायरमन येऊन गेला होता. वाड्याला धड अर्थिंगच नव्हतं, त्यामुळे गाडीच्या चार्जरचा लाल दिवा अधूनमधून लागायचा. तो म्हणाला, "काही नाही, पिनमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा जाईल." दिवा गेला असता हो. पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली तर गाडीच्या अंगातच करंट उतरतो, हे दादांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिचा धाकटा मुलगा शाळेतून आला की त्या गाडीवर बसून असतो. पिनेतली ती वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. ती सगळ्यात आधी आत जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून लांब ठेवलेली. आणि आपण ती कापून टू-पिनमध्ये घालणारे लोक!

शेवटी दादांनाच घेऊन काकांकडे गेले. मी गप्प बसले, दादा बोलले. पुरुषमाणूस वायरविषयी बोलला की पुरुषमाणूस ऐकतो, हे कडू असलं तरी त्या दिवशी मी गिळलं. ठरलं असं, की तिच्या मीटरपासून चार चौरस मिलिमीटरच्या वायरची वेगळी लाइन अंगणापर्यंत आणायची. त्यावर दुसरं काही नाही. सोळाचा एमसीबी, आणि करंट गळायला लागला तर तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. पंधराचा घट्ट, चांगला सॉकेट, लोखंडी पेटीत, जिन्यापासून लांब, दगडी भिंतीवर. अंगणात अर्थिंगचा खड्डा. आणि मीटरजवळचा तो किटकॅट काढून तिथेही एमसीबी. काकूंनी मध्येच विचारलं, "अर्थिंगने आमच्या वॉशिंग मशीनचा झटका पण जाईल का हो?" दादा म्हणाले, जाईल, त्याच खड्ड्यातून तुमच्या बोर्डाला तार आणतो. त्या एका वाक्याने अर्थिंगचा खर्च काकांनी उचलला. बाकीचे पाच हजार तीनशे गटाने दिले, तिच्या कर्जात वाढवून. तिच्या कर्जात का, माझ्या का नाही, हा प्रश्न मी बैठकीत काढला होता. सगळ्याजणींनी मला गप्प केलं, म्हणून निम्मे मी नंतर तिच्या हातात दिले.

आता चार्जरची जाडी पिन सरळ जाड्या भोकात जाते, मधे काही नाही. गाडी संध्याकाळी डबे पोचवून आली की थोडी निवू देते आणि साडेसातला लावते. साडेअकराला काढून मगच झोपते, रात्रभर ठेवत नाही. काकांची तशी अटच आहे, आणि ती मला मान्य आहे. अर्ध्या तासाने पिनेला उलट्या हाताने स्पर्श करून बघायचं, कोमट ठीक, चटका बसला की बंद. पोळीचा तवा तापला की नाही हे ज्या हाताला कळतं त्याला हे शिकवावं लागत नाही.

गटातल्या आणखी दोघी गाडी घ्यायच्या म्हणतायत. मागच्या बैठकीत मी हिशेबाची वही काढली नाही. आधी दोघींच्या घरी दादांना घेऊन गेले. एकीकडे पॉइंट पंधराचा होता, पण आत वायर दिव्याची, बारीक. दुसरीकडे सगळं ठीक निघालं. फक्त ती राहते तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी लागणार रस्त्यावर. तिची अजून स्कूटर आलेली नाही.