पारा हवेचा, हिशेब पाण्याचा

थंडी पडली की आमच्या घरी रोज दोन आकडे विचारले जातात. एक निफाडचा आणि दुसरा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. निफाडला माझ्या जुन्या मित्राची द्राक्षबाग आहे आणि मिनेसोटात माझा भाचा नोकरीला आहे. निफाडचा आकडा सकाळी वर्तमानपत्रात येतो, मिनेसोटाचा रात्री फोनवरून. दोन्ही आकडे ऐकून सर्वांत जास्त काळजी करते ती कोकणीपुऱ्यात राहणारी माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो.

एका शनिवारी भाच्यानं तिला फोटो पाठवला. नजर पोहोचेल तिथपर्यंत पांढरं मैदान, त्यावर एक छोटी खोपटी आणि दारात खुर्ची टाकून बसलेला आमचा भाचा. पायाशी ताटलीएवढं भोक, हातात हातभर लांबीची गळाची काठी. खाली लिहिलं होतं, ‘अम्मी, मी तळ्यावर बसलोय.’ काठावर नव्हे, तळ्यावर! आपानं ताबडतोब मला फोन लावला. ‘अरे, हा पोरगा पाण्यावर बसलाय. उणे वीस आहे म्हणतो. इतकी थंडी आहे म्हणजे बर्फ पक्का असेल ना रे?’

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. पण बहिणीचा जीव टांगणीला लागलेला पाहून मी ठोकून दिलं, ‘हो, हो. उणे वीस म्हणजे काय, दगडासारखा असणार.’ ती निश्चिंत झाली आणि माझी झोप उडाली. आपण सांगितलं ते खरं आहे का? पुढचे काही दिवस मी त्याच नादात होतो. वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, भाच्याची उलटतपासणी घेतली. तेव्हा कळलं की माझं उत्तर चूक होतं. आजच्या थंडीवरून आजचा बर्फ ओळखता येत नाही. वर्तमानपत्रातला आकडा हवेचा असतो. पाणी आपला हिशेब वेगळा ठेवतं.

हे समजायला मिनेसोटाला जायची गरज नाही. आपलं नाशिक पुरेसं आहे. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी किमान तापमान ०.६ अंशांपर्यंत उतरलं होतं, अशी नोंद आहे. म्हणजे शून्याला हात लावून पारा परत आला. अलीकडे ही कीर्ती निफाडनं मिळवली आहे. २०१८च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्या सकाळी पानांवरचं दव गोठलं, गवतावर पांढरी खार पसरल्यासारखी दिसली. पण पारा तर शून्याच्या वर होता, मग दव गोठलं कसं?

कारण वेधशाळेचा तापमापक जमिनीवर ठेवलेला नसतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, साधारण चार फूट उंचीवर तो टांगलेला असतो. स्वच्छ, निवांत रात्री जमीन आणि पानं आपली ऊब थेट आकाशाकडे टाकत राहतात. वर ढगांचं पांघरूण नसतं, वाऱ्याची ढवळाढवळ नसते. त्यामुळे पान त्याच्याभोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं आणि जमिनीलगतचं तापमान पेटीतल्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी खाली जाऊ शकतं. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि नदीकाठच्या सखल शिवारात साचते. निफाडचा गारठा नाशिक शहरापेक्षा अधिक बोचतो, त्यामागे हेही एक कारण आहे. शहराला सिमेंटच्या भिंतींची शाल असते, गोदाकाठच्या मोकळ्या शिवाराला ती नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या धक्क्यावर हिमकण जमल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात. त्यातलं गणितही हेच. धक्क्याच्या फळ्या आणि मोटारींचे टप गोठतात, तलाव मात्र तसाच हलत असतो.

आम्ही कवी मंडळी या दिवसांना ‘गुलाबी थंडी’ म्हणतो. माझ्या बागायतदार मित्रासमोर हा शब्द एकदा तोंडातून गेला, तर तो हसला नाही. दिवस उबदार आणि रात्र कडाक्याची असली की काढणीला आलेल्या हिरव्या द्राक्षाच्या मण्यावर गुलाबी छटा येते. बागायतदार तिला ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि तो माल निर्यातीला चालत नाही. शिवाय मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात. म्हणून घडांना कागद गुंडाळायचा, पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकनं पाणी सोडायचं. थंडीत पाणी कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘विहिरीचं पाणी हात घालून बघा ना.’ पहाटे चार वाजता मी हात घातला. पाणी कोमट होतं.

नाशिककरांना यात नवल वाटू नये. जानेवारीत रामकुंडावर पहाटे आंघोळ करणाऱ्याला विचारा. बाहेर हुडहुडी भरते, पण पाण्यात उतरल्यावर बरं वाटतं. फजरची नमाज झाली की मी गोदाकाठी चक्कर मारतो, तेव्हा नदीतून वाफा निघताना दिसतात. पाणी तापायलाही वेळ लावतं आणि निवायलाही. हवा एका रात्रीत बारा अंश उतरते, नदी तितकं उतरायला आठवडे घेते. सायखेड्याच्या बाजूला जाळी टाकणाऱ्या एका भोई गृहस्थाला मी विचारलं, थंडीत मासे मरतात का हो? ‘मरत नाहीत, गप पडून राहतात,’ तो म्हणाला. ‘मासा फिरेल तर जाळ्यात येईल ना! थंडीच्या लाटेत रात्रभर जाळं टाकून सकाळी अर्धी पाटीही होत नाही.’ माशाचं रक्त पाण्याइतकंच गार किंवा ऊबदार असतं. पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते आणि तो कमी हलतो. म्हणून मत्स्यशेती करणारेही थंडीत खाद्य कमी करतात. म्हणजे थंडीच्या लाटेत द्राक्षवाल्याचा माल बिघडतो आणि भोयाचा माल हाताला लागत नाही.

आता मिनेसोटाला जाऊ. तिथे हवा महिनोन् महिने शून्याखाली असते आणि नदी-तळ्यांना निवायला पुरेसा वेळ मिळतो. इथे पाण्याचा एक विलक्षण गुण कामाला येतो. बहुतेक पदार्थ जितके गार होतील तितके आकसतात आणि जड होतात. पाणीही आकसतं, पण चार अंशांपर्यंतच. त्याखाली ते उलट फुगू लागतं, हलकं होतं. आणि गोठताना तर सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली भरलेली बाटली फुटते ती त्यामुळेच. तळ्यात याचा परिणाम असा, की चार अंशांचं जड पाणी तळाशी जाऊन बसतं आणि त्याहून गार, हलकं पाणी वर येतं. गोठतं ते वरून. मग तोच बर्फ खालच्या पाण्याला झाकणासारखा होतो. वर उणे वीस असताना बर्फाच्या लगत खाली शून्य आणि तळाशी जवळपास चार अंश असतात. पाणी इतर पदार्थांसारखं वागलं असतं तर तळी तळापासून गोठत वर आली असती आणि उत्तरेकडच्या तळ्यांत मासा उरला नसता.

भाचा गेला होता त्या तळ्याचं नाव मिल लॅक्स. मिनियापोलिसहून गाडीनं दीड-दोन तास. तळं अफाट पसरलेलं, पण खोली बेचाळीस फुटांच्या आतबाहेर. हिवाळ्यात त्यावर खोपट्यांची वस्ती उभी राहते. मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, त्यातून दोरी सोडायची आणि वॉलआय नावाच्या चविष्ट माशाची वाट पाहायची. तिथला मासाही सायखेड्याच्या माशासारखाच गप पडलेला असतो, गळाला हलकेच तोंड लावतो. म्हणून काठी आखूड आणि शेंड्याला लवचीक. अनेकदा रिकाम्या हातांनी परतावं लागतं. ‘मग जातोस कशाला?’ या आपाच्या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे मुशायऱ्यांचा अनुभव असल्यामुळे मला ते समजलं.

आता मुद्द्याचं. बर्फ पक्का कधी? मिनेसोटाच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचे ठोकताळे आहेत. माणसानं चालायला निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा. छोटी मोटार न्यायची तर नऊ-दहा इंच. बर्फ पांढरा, म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला किंवा हिम मिसळलेला असेल, तर त्याची ताकद निम्मीच धरायची. ही जाडी एका रात्रीच्या कडाक्यानं येत नाही, कित्येक रात्रींची थंडी साठत जाऊन येते. लाट कालच आली असेल तर हवा उणे वीस आणि बर्फ दोन इंच, असं सहज होऊ शकतं. त्यातून वर भुसभुशीत हिम पडलं तर ते गोधडीचं काम करतं. आपल्याला वाटतं हिम पडलं, थंडी वाढली, बर्फ वाढला. प्रत्यक्षात गोधडीखालच्या बर्फाची वाढ मंदावते आणि पातळ जागा नजरेआड होते. जिथे झरा आहे, ओढा मिळतो, पाणी वाहतं, तिथे बर्फ पातळच राहतो. एकाच तळ्यावर इथे दहा इंच आणि शंभर पावलांवर तीन.

म्हणून जाणती माणसं पुढे पहार आपटत चालतात. पहार आरपार गेली की मागे फिरायचं. थोड्या-थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजायची. गळ्यात दोन टोकदार टोचे अडकवलेले असतात. माणूस आत पडलाच तर ज्या बाजूनं आला तिकडेच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फानं नुकतंच त्याचं वजन पेललेलं असतं. टोचे बर्फात रोवायचे, पाय झाडत अंग वर ओढायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. आणखी एक धोका खोपटीतल्या शेगडीचा. बंद जागेत शेगडी पेटवली की विषारी वायू साचतो. त्याला ना वास ना रंग. हे आपल्याकडेही लागू आहे बरं का. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन झोपू नका.

बर्फ जाड असला तरी वारा आहेच. मिनेसोटाच्याच अप्पर रेड लेकवर २९ डिसेंबर २०२३ रोजी बर्फाचा मोठा तुकडा मासेमारी करणाऱ्या शंभराहून अधिक माणसांसकट काठापासून सुटला. मध्ये उघडं पाणी आणि अलीकडे-पलीकडे माणसं. सगळी सुखरूप बाहेर काढली गेली. तो हिवाळा तिथे फार सौम्य होता, बर्फ उशिरा धरला होता. कॅलेंडरवर मात्र डिसेंबर होता, आणि लोक कॅलेंडर पाहून गेले होते.

आपल्या देशातही हे घडतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ असतो. १४ जानेवारी २०२१ रोजी श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला, तीस वर्षांतला नीचांक. दल सरोवर गोठलं, मुलं त्यावर खेळायला धावली आणि प्रशासनाला बर्फावर जाऊ नका असं बजावावं लागलं. तिथल्या आंचार सरोवरात थंडीत कोळी डोक्यावर घोंगडं आणि गवत घेऊन नावेच्या टोकाशी वाकून बसतात. त्या सावलीत पाण्याखालचा सुस्त मासा दिसतो आणि मग भाला मारायचा. सायखेडा, आंचार, मिल लॅक्स, तिन्हीकडे मासा गपच. हत्यारं तेवढी वेगळी.

उत्तरेकडच्या तळ्यांचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. एकेकाळी तिथला बर्फच आपल्याकडे येत असे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचलं आणि पुढे मुंबईतही अशा बर्फासाठी खास कोठार उभं राहिलं. लाकडाच्या भुशात गुंडाळलेला तो बर्फ उष्ण कटिबंधातून चार महिन्यांचा प्रवास करून टिकला, कारण पाणी गोठताना जितका वेळ लावतं तितकाच वितळतानाही. आज बर्फ येत नाही, पाहुणे येतात. मध्य आशिया आणि सायबेरियातली तळी गोठू लागली की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक नांदूरमध्यमेश्वरला उतरतात. पाण्यावर झाकण बसलं की त्यांना खायला मिळत नाही, म्हणून ते निघतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२०च्या जानेवारीत या जलाशयाचं नाव जाहीर झालं. निफाडला पारा घसरला म्हणून आपण स्वेटर काढतो, आणि ही पाखरं त्याच निफाडला ऊब शोधत येतात.

हे सगळं मी आपाला दोन-तीन बैठकांत सांगितलं. आधी दिलेलं उत्तर चुकलं होतं, तेही कबूल केलं. तिनं माफ केलं की नाही ते कळलं नाही, पण त्यानंतर तिनं उणे किती हे विचारणं सोडलं. शनिवारी रात्री फोन वाजला की ती भाच्याला पहिला प्रश्न करते, ‘किती इंच?’ आणि दुसरा, ‘पहार घेतलीस का?’ मागच्या वेळी तो म्हणाला, ‘अम्मी, सात इंच.’ ती म्हणाली, ‘मग गाडी काठावर ठेव आणि चालत जा.’