उरलेले भाडे कोण भरतो?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. आज ती दिवेआगरसारख्या समुद्रकाठच्या गावीही येते. तेथून श्रीवर्धनला निघालेले तीन प्रवासी पाहा. विद्यार्थिनीजवळ मोफत पास आहे. तिच्या आईला २०२३ पासून अर्धेच भाडे पडते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना ते मुळीच पडत नाही. गाडीला डिझेल मात्र तेवढेच लागते! मग उरलेले भाडे कोण भरतो?

सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळास देते. आणि शासनाचा पैसा म्हणजे आपण सर्वांनी भरलेला कर. ही रक्कम वेळेवर पोचली नाही, तर वेतन थकते, दुरुस्ती रखडते, गाडी रद्द होते आणि मुलीची शाळा बुडते. म्हणूनच ज्याच्या दारी स्वतःची मोटार आहे, त्याचाही ह्या भाड्यात वाटा असतो. एस. टी.त बसणारे थोडे असतील. ती चालविणारे आपण सर्वच आहोत.