सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग थेट आयव्हीएफ?

दोघांच्याही तपासण्या नॉर्मल, तरी दिवस राहत नाहीत. अशा वेळी पहिला उपाय कोणता?

आययूआयमध्ये निवडलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. फलन शरीरातच होते. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजे बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन घडवतात. इक्सीमध्ये एकच शुक्राणू सुईने बीजात सोडला जातो.

न्यूझीलंडमधील २०१८च्या चाचणीत बीजनिर्मितीला चालना देणाऱ्या गोळ्यांसह केलेल्या आययूआयच्या तीन फेऱ्यांनंतर ३१ टक्के जोडप्यांना मूल झाले. उपचाराविना प्रयत्न करणाऱ्यांत ९ टक्क्यांना. नेदरलँड्सच्या २०१५च्या अभ्यासात आययूआयच्या सहा फेऱ्यांनी ४७ टक्के, तर एका वेळी एकच भ्रूण ठेवून केलेल्या आयव्हीएफच्या तीन फेऱ्यांनी ५२ टक्के जोडप्यांना निरोगी बाळ झाले. हा फरक फार मोठा नाही. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असताना इक्सी आयव्हीएफपेक्षा सरस ठरत नाही, असे व्हिएतनाममधील २०२१च्या चाचणीत दिसले.

म्हणून पत्नीचे वय कमी असेल, तर स्वस्त आणि सोप्या आययूआयपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. वय अडतिशीपुढे गेले असेल, तर मात्र वेळ न दवडता आयव्हीएफचा विचार करावा. महागड्या इक्सीचा सल्ला मिळाला, तर ‘आम्हाला ती कशासाठी?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.