यादीबाहेरचा कारागीर

मिरजेहून बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत येणारी गाडी बंगळूरु शहरात शिरते ती यशवंतपूरला. स्थानकाच्या एका अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचा वृक्षाच्छादित परिसर आहे, जवळच म्हैसूर सँडल सोपचा जुना कारखाना, आणि तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीनियाची औद्योगिक वसाहत सुरू होते. लेथवर काम करणारे, पत्रा वाकवणारे, साचे ओतणारे, सुटे भाग घासूनपुसून नेमक्या मापात आणणारे हजारो लहान कारखाने या पट्ट्यात दाटीवाटीने वसले आहेत. देशाच्या कौशल्य धोरणाविषयी बोलायचे तर दिल्लीतल्या एखाद्या सभागृहापेक्षा हा पट्टा अधिक योग्य आहे. त्यासाठी मी उदाहरण मात्र अगदी अनपेक्षित घेणार आहे. ते आहे पाइप ऑर्गनचे.

यशवंतपूरपासून दहाएक किलोमीटरवर, कब्बन रस्त्यावरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये 1881 सालचा पाइप ऑर्गन आहे. तो इंग्लंडातल्या हडर्सफील्ड येथील पीटर कोनाकर यांच्या कार्यशाळेत बनला. अशा कार्यशाळांत ऑर्गन आधी पूर्ण उभा करून वाजवून पाहत, मग सुटा करून पेट्यांत भरत आणि जहाजाने धाडत. उष्ण वसाहतींसाठीच्या ऑर्गनांमध्ये सरसावर भिस्त न ठेवता सांधे स्क्रूने आवळण्याची पद्धत होती, कारण दमट हवेत सरस सुटतो हे त्या कारागिरांना ठाऊक होते. वाद्य पाठवताना त्यांनी इथल्या हवेचा विचार केला होता. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर त्याची दुरुस्ती कोण करणार, हा विचार करणे त्यांचे काम नव्हते. ते आपले होते.

मराठी वाचकाचा इथे थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. आपल्या संगीत रंगभूमीने ज्याला ऑर्गन म्हटले ती पायाने भाता चालवायची पेटी. तिच्यात स्वर निघतो तो पितळेच्या कंप पावणाऱ्या पट्टीतून. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वराला, आणि स्वराच्या प्रत्येक रंगाला, स्वतंत्र नळी असते. मध्यम आकाराच्या वाद्यातही त्या सहज काही शेकडा भरतात. मूळ मापाच्या पट्टीतली सर्वांत खर्जातली नळी आठ फुटांची, सर्वांत तार स्वराची करंगळीएवढी. खाली मोठ्या भात्यात हवा साठते, तिथून ती लाकडी पेटीत येते, आणि कळ दाबली की पेटीतली एक छोटी झडप उघडून हवा नेमक्या नळीत शिरते. या सर्व हालचालींना हवाबंद ठेवते ते चामडे. भात्याच्या घड्यांना चामडे, झडपेच्या तोंडाला चामडे. वाद्य जुने झाले की सर्वांत आधी जाते तेही चामडेच. त्यानंतर वाळवी आणि उंदीर आपापला वाटा उचलतात.

नळ्या बनतात कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या. वितळलेला धातू लांब सपाट ओट्यावर पसरून त्याची चादर ओतायची, ती रंधून हव्या त्या जाडीची करायची, दंडगोलावर गुंडाळायची आणि सांधा डाखाने जोडायचा. इथवरचे काम पीनियातला कोणताही चांगला पत्राकारागीर महिन्याभरात आत्मसात करील. खरी विद्या त्यापुढची. नळीच्या तोंडाची उंची किती ठेवायची, ओठाला कोठे किंचित दाबायचे, तळाचे भोक केवढे ठेवायचे, यावर ती गाणार की नुसती फुसफुसणार हे ठरते. एका नळीला बोलते करून भागत नाही. शेजारच्या साठ नळ्यांशी तिचे जमले पाहिजे. हे कानाचे आणि हाताचे काम आहे. ते पुस्तकातून येत नाही.

हवामानाचा प्रश्न वेगळाच. तापमान दहा अंशांनी वाढले, तर बासरीसारख्या वाजणाऱ्या नळ्यांचा स्वर षड्ज ते कोमल ऋषभ या अंतराच्या जवळपास एक तृतीयांश एवढा चढतो. जिभेच्या नळ्या मात्र जवळपास जागच्या जागी राहतात, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होते. म्हणून परदेशातून तज्ज्ञ बोलावून एकदा सूर लावून घेणे हा उपाय ठरत नाही. एप्रिलात लावलेला सूर जुलैत परत पाहणारा माणूस त्याच शहरात राहत असावा लागतो.

असा माणूस तयार करता येतो, याचे आशियातले उदाहरण फिलिपिन्समध्ये आहे. मनिलाजवळच्या लास पिन्यास येथे दिएगो सेरा या धर्मगुरूने 1816 ते 1824 या काळात बांबूचा ऑर्गन उभारला: एकूण 1,031 नळ्या, त्यांपैकी 902 बांबूच्या. भूकंप आणि वादळे यांनी खिळखिळे झालेले हे वाद्य 1973 मध्ये जर्मनीत बॉन येथील क्लाइस यांच्या कार्यशाळेत नेण्यात आले. बॉनच्या कोरड्या हिवाळ्यात बांबू तडकू नये म्हणून तिथल्या एका खोलीत फिलिपिन्सचे उष्ण-दमट हवामान कृत्रिमरीत्या राखले गेले. 1975 मध्ये वाद्य घरी परतले. पण महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. फिलिपिनो तरुण युरोपात जाऊन ही विद्या शिकले, आणि 1994 मध्ये लास पिन्यासमध्येच दिएगो सेरा यांच्या नावाने ऑर्गन घडवणारी व दुरुस्त करणारी कार्यशाळा सुरू झाली. जपानमध्ये हिरोशी त्सुजी यांनी गिफू प्रांतातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत छोटी कार्यशाळा थाटली. पुढे त्यांनीच स्पेनमधल्या सालामांका येथील कॅथीड्रलच्या प्राचीन ऑर्गनचा जीर्णोद्धार केला. विद्या शिकून घेणारा देश काही वर्षांत ती युरोपलाच परत देऊ शकतो, एवढे यातून सिद्ध होते.

जर्मनीचे आकडे अर्थातच निराळ्या जातीचे आहेत. 2017 मध्ये युनेस्कोने तेथील ऑर्गनकारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले तेव्हा देशात सुमारे 50,000 ऑर्गन, 400 कार्यशाळा, 2,800 कारागीर आणि 180 शिकाऊ उमेदवार असल्याचे नोंदले गेले. त्यांतला शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. त्या देशाला ठाऊक आहे की आपल्याकडे किती जण शिकत आहेत.

भारतात असा आकडा सांगणे अवघड आहे, कारण या धंद्याला सरकारी दप्तरात घरच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी. होड्या, कुलुपे, खेळणी आणि मासेमारीची जाळी बनवणारेही त्यात आहेत. योजना चांगली आहे: प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपयांचा भत्ता, हत्यारांसाठी 15,000 रुपये, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. पण वाद्यकारागीर त्या यादीत नाही. तंबोरा करणाऱ्याने अर्ज भरायचाच असेल तर तो सुतार म्हणून भरावा. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याची वाटही अशीच अर्ध्यावर संपते. 2019 च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. वाद्याच्या कार्यशाळेत बहुधा बाप, मुलगा आणि एक मदतनीस असे तिघे असतात. ती कायद्याच्या दारातच अडते.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा महाराष्ट्राला रास्त आनंद झाला. मानांकन नावाचे रक्षण करते. हाताखाली शिकणाऱ्या मुलाला ते वेतन देत नाही. मिरजेची कथा मात्र आपल्या विषयाला फार जवळची आहे. तिथे वाद्ये घडवू लागले ते शिकलगार मूळचे शस्त्रे बनवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, संस्थानात गवयांची ये-जा वाढली, आणि त्या हातांनी भोपळा व लाकूड जवळ केले. नवा धंदा असाच जन्मतो. जवळचे कौशल्य आधीपासून असते, गिऱ्हाईक समोर येते, आणि मधला काळ कोणीतरी निभावून नेतो.

यशवंतपूरच्या पट्ट्यात कौशल्य आहे. पत्रा, ओतकाम, लेथ पीनियात आहे. लाकडाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था शेजारच्या मल्लेश्वरममध्ये आहे. विज्ञान संस्थेचे तर काय सांगावे. तिचे 1933 मधले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्याआधी तेरा वर्षे मृदंग आणि तबल्याच्या स्वरांचे गणित जगापुढे मांडले होते. गिऱ्हाईकही अगदीच नाही असे नाही. मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई, शिमला येथे जुने ऑर्गन आहेत. त्यांतले काही गातात, काही मुके आहेत, आणि कितीतरी ठिकाणी शेजारी विजेवरचे वाद्य आणून ठेवले गेले आहे.

यावर कोणी विचारील, वसाहतकाळात चर्चसाठी आलेल्या मूठभर वाद्यांकरिता करदात्याने पैसा का द्यावा? प्रश्न योग्य आहे. केवळ ऑर्गनवर जगणारी कार्यशाळा भारतात टिकणार नाही, हे मीही मान्य करतो. पण भाता बांधणारा, चामडे बसवणारा, पितळी पट्टी घासून सुरात आणणारा माणूस हार्मोनियमलाही लागतो, आणि हार्मोनियम या देशात गुरुद्वारापासून भजनी मंडळापर्यंत सर्वत्र आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये तिला बाहेरचा रस्ता दाखवला तरी ती कोठे गेली नाही. दोन्ही वाद्यांची दुरुस्ती एका छपराखाली झाली, तर हार्मोनियमच्या रोजच्या कमाईवर ऑर्गनची वर्षाकाठची दोन-तीन कामे निघू शकतात.

त्यासाठी नवे मंत्रालय नको. विश्वकर्मा योजनेच्या यादीत एकोणिसावी ओळ हवी, तीन माणसांच्या कार्यशाळेला एक उमेदवार घेण्याची मुभा हवी. आणि सार्वजनिक पैशातून एखाद्या जुन्या वाद्याचा जीर्णोद्धार होणार असेल, तर कंत्राटात एवढी अट हवी की पहिली नळी उतरवल्यापासून शेवटचा सूर लागेपर्यंत दोन स्थानिक मुले कारागिराबरोबर असतील, आणि पुढच्या पावसाळ्यात सूर परत लावतील ती तीच दोघे.