धुण्याच्या मशीनची नळी आणि साखरेची मळी



उसाची नोंद द्यायला आलेले एक सभासद परवा शेतकी ऑफिसात आम्हांला म्हणाले, "भाऊसाहेब, घरचं जुनं वॉशिंग मशीन कपडे धुतं, पण पिळत नाही. पाणी आतच राहतं. आपल्या कारखान्यातलं मशीन तर घट्ट मळी काढतं, मग याला साधं पाणी का निघू नये?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातली आहेत.

वरून कपडे टाकायच्या जुन्या मशीनमध्ये पिळण्यासाठी एकात एक दोन भांडी असतात. आतले भोकाभोकांचे, ते फिरते. बाहेरचे बंद, ते निघालेले पाणी झेलते. काही मशीनला हे पाणी बाहेर टाकायला तळाशी पंप असतो. आपल्याकडच्या दोन टबांच्या मशीनला बहुधा तो नसतो. पाणी उताराने नळीवाटे जाते. पाटाचे पाणी चढावर जात नाही, तसेच हे. या सभासदांच्या घरी नळी उंबऱ्यावरून चढवून मोरीत सोडली होती. पाणी तुंबले, आतले भांडे त्यात अडकत फिरू लागले, मोटर नुसती घुमू लागली. नळी जमिनीसरपट टाकताच काम झाले.

आता फिरण्याचे. गोफण फिरवताना दगड सरळ सुटून जायला बघतो, दोरी त्याला धरून ठेवते. मशीनमध्ये कपड्याला भांड्याची भिंत अडवते, पाण्याला मात्र भोके सापडतात. वेग दुप्पट केला की हा जोर चौपट होतो. २४ सेंटिमीटर रुंदीचे भांडे मिनिटाला १,३०० फेरे घेत असेल, तर कडेच्या पाण्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे सव्वादोनशे पट जोर येतो. म्हणून कपडे सारखे पसरून ठेवावेत, नाहीतर मशीन गदागदा हलते. आणि भांडे पुरते थांबल्याशिवाय कोणीही आत हात घालू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नये.

असे यंत्र युरोपात आधी कापड सुकवायला आले, मग १८४० च्या दशकात साखरेला लागले. पॅनमध्ये शिजून उतरलेल्या मालात साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असतात. सेंट्रिफ्युगल मशीनची ४८ इंची टोपली मिनिटाला १,२०० फेरे घेते, तेव्हा कडेला सुमारे हजारपट जोर बसतो. जाळीतून मळी बाहेर पडते, दाणे आत राहतात. शेवटी थोडे पाणी मारून दाणे धुतात.

पण जोर हजारपट असला, तरी मळी पातळ असली तरच ती झटकन सुटते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यात जंतू वाढतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. जळगाव-धुळ्याकडचे मार्च-एप्रिलचे ऊन आपणांस सांगायला नको. अशा उसाची मळी दाण्याला धरून बसते. ती काढायला जास्त पाणी मारावे लागते, त्या पाण्यात दाणे विरघळतात आणि साखर मळीबरोबर निघून जाते. उतारा घटतो.

उतारा म्हणजे आपला दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे.

खानदेशातले काही सहकारी कारखाने आपल्या डोळ्यांदेखत बंद पडले. त्याची कारणे अनेक आहेत, पण उतारा सांभाळणे काही अंशी आपल्या हातात आहे. तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गाडीत भरावा, पाचट-माती लागू देऊ नये, गाडी उशिरा आली तर गटनंबर आणि तोडीची वेळ लिहून शेतकी ऑफिसला कळवावे. गाडी वेळेवर धाडणे हे आमचे काम. त्यात कसूर झाली, तर आम्हांला जाब जरूर विचारावा.