राखीव कंट्रोलर आणि शाखांचे वाय-फाय : गैरसमज व वस्तुस्थिती

अनेक ठिकाणी कार्यालये असलेल्या संस्थांमध्ये वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छताला लावलेली रेडिओ उपकरणे, सहसा स्वतंत्रपणे चालत नाहीत. नेटवर्कचे नाव काय असावे, प्रवेश पासवर्डने द्यावा की प्रमाणपत्राने, प्रक्षेपण कोणत्या चॅनेलवर आणि किती शक्तीने करावे, हे सारे त्यांना वायरलेस कंट्रोलर या मध्यवर्ती यंत्राकडून कळते. या दोहोंमधील संदेशवहनासाठी कॅपवॅप नावाचा प्रोटोकॉल वापरला जातो. त्याचे मानक 2009 मध्ये आरएफसी 5415 या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाले असून त्यानुसार नियंत्रणाचे संदेश यूडीपीच्या 5246 क्रमांकाच्या आणि वापरकर्त्यांचा डेटा 5247 क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. एका कंट्रोलरवर शेकडो ॲक्सेस पॉइंट अवलंबून असल्याने तो बंद पडण्याची धास्ती असते व त्यावरचा उपाय म्हणून राखीव कंट्रोलर घेतला जातो. या क्षेत्रात दीर्घकाळ वापरल्या जाणाऱ्या सिस्कोच्या कंट्रोलरांच्या आधारे पाहिले, तर या उपायाविषयीचे बरेच गैरसमज दोन निरनिराळ्या व्यवस्था एकच मानल्याने होतात, असे दिसते.

पहिली व्यवस्था जोडीची. तिला स्टेटफुल स्विचओव्हर किंवा एसएसओ म्हणतात. यात एकाच मॉडेलचे आणि एकाच सॉफ्टवेअर आवृत्तीचे दोन कंट्रोलर एकमेकांशी जोडलेले असतात. एक काम करतो, दुसरा त्याची सगळी स्थिती क्षणोक्षणी उतरवून घेत सज्ज राहतो, आणि बाहेरच्या जगाला दोघांचा मिळून एकच आयपी पत्ता दिसतो. दुसरी व्यवस्था ‘एन प्लस वन’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात अनेक कार्यालयांच्या कंट्रोलरांसाठी मिळून एक वेगळा कंट्रोलर दुसऱ्या ठिकाणी उभा केलेला असतो; त्याचे मॉडेल वेगळे असले तरी चालते, तो वेगळ्या सबनेटमध्ये असला तरी चालते, आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला प्राथमिक, दुय्यम व तृतीय अशा क्रमाने कंट्रोलरांची नावे व पत्ते आधीच सांगून ठेवलेले असतात.

राखीव कंट्रोलर असला की वापरकर्त्याला खंड जाणवतच नाही, हा समज केवळ जोडीच्या व्यवस्थेला लागू पडतो, आणि तोही नंतरच्या आवृत्त्यांत. 2012 मध्ये आलेल्या सिस्कोच्या कंट्रोलर सॉफ्टवेअरच्या 7.3 या आवृत्तीत फक्त ॲक्सेस पॉइंटांची जोडणी टिकत असे. लॅपटॉप व फोन यांना मात्र पुन्हा जोडून घ्यावे लागे, आणि ती उणीव पुढे 7.5 आवृत्तीत दूर झाली. एन प्लस वनमध्ये खंड पडतोच. ॲक्सेस पॉइंट आपल्या कंट्रोलरला सामान्यतः दर 30 सेकंदांनी हाक देतो, उत्तर न आल्यास काही वेळा पुन्हा विचारतो आणि मगच दुसऱ्याकडे वळून सारी नोंदणी नव्याने करतो. हाकेचा अवधी काही सेकंदांवर आणता येतो, परंतु वापरकर्त्यांची ओळख पुन्हा पटवण्याचा वेळ त्यामुळे वाचत नाही.

मग सर्वत्र जोडीच का नको, असे विचारले जाते. दोन कंट्रोलरांमधील दुवा जाऊन-येऊन 80 मिलिसेकंदांहून कमी विलंबाचा आणि किमान 60 मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेचा असावा लागतो, शिवाय दोघे एकाच सबनेटमध्ये असावे लागतात. त्यामुळे दूरच्या दोन शहरांत जोडी विभागणे व्यवहारात क्वचितच जमते. दोघे एकाच इमारतीत ठेवले की वीज, आग वा पाणी यांचा फटका दोघांनाही बसतो. त्याहून गंभीर बाब अशी की सेटिंगमधील चुकीचा बदल दुसऱ्या कंट्रोलरवर तत्काळ उमटतो, म्हणजे यंत्र बिघडले तर जोडी वाचवते, पण माणूस चुकला तर ती काहीच करू शकत नाही. म्हणूनच जोडी मुख्य कार्यालयात आणि तिच्यामागे अन्यत्र एन प्लस वनचा तिसरा कंट्रोलर, अशी मिश्र रचना मोठ्या संस्थांना अधिक सोयीची ठरते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की मुख्य कंट्रोलरचे सेटिंग राखीव कंट्रोलरवर आपोआप पोहोचते. एन प्लस वनमध्ये तसे काहीही घडत नाही. ॲक्सेस पॉइंटांचे गट राखीव यंत्रावर त्याच नावाने केलेले नसतील तर ॲक्सेस पॉइंट मूळच्या सामाईक गटात जाऊन पडतात, आणि त्या गटातून 1 ते 16 क्रमांकांचीच नेटवर्के प्रक्षेपित होत असल्यामुळे 17 किंवा त्यापुढील क्रमांक मिळालेले कार्यालयाचे नेटवर्क एकाएकी दिसेनासे होते, जरी प्रत्येक ॲक्सेस पॉइंट जोडलेला दिसत असला तरी. रेडियस सर्व्हर, म्हणजे वापरकर्त्यांची ओळख तपासणारा सर्व्हर, ज्या कंट्रोलरचा पत्ता त्याच्या यादीत नाही त्याच्या विनंतीला उत्तरच देत नाही. फायरवॉलवर वरील दोन पोर्ट राखीव पत्त्यासाठी उघडलेले नसणे, देशाचा कोड वेगळा असणे, घड्याळ चुकल्याने प्रमाणपत्रे अवैध ठरणे, या गोष्टीही प्रत्यक्ष संकटाच्या दिवशीच ध्यानात येतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असली तर प्रत्येक ॲक्सेस पॉइंट राखीव कंट्रोलरकडून नवी आवृत्ती उतरवून घेतो, पुन्हा सुरू होतो आणि परत जाताना तेच उलट दिशेने करतो. शाखेची लाइन अरुंद असली तर यात बराच वेळ जातो.

दोन छोटे समज येथेच निकालात काढता येतात. राखीव कंट्रोलर एकाच मोबिलिटी गटात, म्हणजे वापरकर्ते एकमेकांकडे सोपवणाऱ्या कंट्रोलरांच्या गटात, असलाच पाहिजे असे नाही. ॲक्सेस पॉइंटमध्ये त्याचे नाव व पत्ता दोन्ही भरले तरी पुरते, मात्र ते नाव कंट्रोलरवर ठेवलेल्या नावाशी इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांसह तंतोतंत जुळले पाहिजे. तसेच राखीव यंत्र सर्व शाखांच्या बेरजेएवढे मोठे घेण्याची गरज नसते, कारण सर्व कंट्रोलर एकाच वेळी बंद पडणार नाहीत असे गृहीत धरलेले असते. जागा अपुरी पडलीच, तर कोणत्या ॲक्सेस पॉइंटांना आधी सामावून घ्यायचे याचा अग्रक्रम ठरवता येतो.

शाखांच्या बाबतीत मात्र मूळ प्रश्नच बहुधा चुकीचा मांडला जातो. शाखेचे वाय-फाय कंट्रोलर बिघडल्यामुळे क्वचितच बंद पडते, बऱ्याचदा ते कुठेतरी खोदकामात फायबर तुटून मुख्य कार्यालयाशी संपर्क गेल्यामुळे बंद पडते, आणि शाखेला बाहेर जाणारी वाटच एक असेल तर दूरवर कितीही राखीव कंट्रोलर असले तरी त्यांचा उपयोग नसतो. यावर फ्लेक्सकनेक्ट ही पद्धत आहे. तिच्यात वापरकर्त्यांचा डेटा कंट्रोलरकडे न पाठवता शाखेतल्या स्विचवरच वळवता येतो, आणि संपर्क तुटला तरी ॲक्सेस पॉइंट अशी नेटवर्के स्वबळावर चालू ठेवतो. आधी जोडलेले वापरकर्ते काम करीत राहतात आणि सामाईक पासवर्डच्या नेटवर्कवर नवेही जोडले जातात. परंतु ओळख तपासणारा सर्व्हर केवळ मुख्य कार्यालयात असेल, तर प्रत्येकी वेगळ्या लॉगिनने येणारा नवा वापरकर्ता बाहेरच राहतो, आणि पाहुण्यांसाठीचे वेब पानही उघडत नाही. याखेरीज शाखा व कंट्रोलर यांच्यातील जाऊन-येऊन विलंब 300 मिलिसेकंदांच्या आत असावा, हे बंधन राखीव कंट्रोलरलाही लागू असते, हे तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवताना विसरले जाते.

मुख्य कंट्रोलर दुरुस्त होताच ॲक्सेस पॉइंट आपोआप परतावेत, या मूळ सेटिंगलाच फॉलबॅक म्हणतात आणि ते निर्धोक समजले जाते. पण एन प्लस वनमध्ये परतणे म्हणजे दुसरा खंडच असतो, आणि अर्धवट सुधारलेला कंट्रोलर पुन्हा पुन्हा पडत-उठत राहिला तर शेकडो ॲक्सेस पॉइंट दोघांमध्ये हेलपाटे घालू लागतात. त्यामुळे बिघाडाचे कारण सापडेपर्यंत फॉलबॅक बंद ठेवणे आणि नंतर कार्यालय सुटल्यावर एकेका मजल्याचे ॲक्सेस पॉइंट हाताने परत नेणे, हीच पद्धत कमी त्रासाची ठरते.