दीड ग्रॅम साखरेवर चालणारं पोर

पहिलीत जाणाऱ्या, वीसेक किलो वजनाच्या पोराच्या अंगात दीड लिटरच्या आसपास रक्त असतं. त्या अख्ख्या रक्तात एका वेळी विरघळलेली साखर मोजली, तर ती दीड ग्रॅमही भरत नाही. चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि या वयात एकटा मेंदूच तासाला सहा-सात ग्रॅम साखर फस्त करतो. म्हणजे रक्तातली शिल्लक पाव तासाची! यकृत मागून सारखी भर घालत असतं म्हणून पोर पाढे म्हणतं, पळतं, भांडतं. यकृत ही अंगातली कणगी. पण लहान पोराची कणगीही लहानच, आणि किलोमागचा खर्च मात्र मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट.

आता हेच पोर बीड जिल्ह्यातलं धरा. पाटोद्याचं, शिरूर कासारचं, धारूरचं किंवा वडवणीचं. दसरा-दिवाळी उरकली की त्याचे आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-अहिल्यानगरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. एक कोयता दिवसाला टन-दोन टन ऊस तोडतो आणि टनामागे कारखान्यात शंभर किलोच्या आसपास साखर पडते. आईबापांच्या हातून रोज क्विंटलाच्या मापात साखर जाते आणि गावात मागे राहिलेलं पोर दीड ग्रॅमवर शाळेत बसलेलं असतं. मला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं काही सुचत नाही. पण शरीराची खरी करामत इथून पुढेच आहे.

माणसाचं पोर इतक्या सावकाश का वाढतं, हे कोडं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. वासरू दोन-अडीच वर्षांत गाय होतं. आपलं पोर पाच वर्षांचं झालं तरी नाक पुसायला कुणीतरी लागतं. ख्रिस्तोफर कुझावा या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मेंदूच्या तपासणीचे आकडे आणि वाढीचे आकडे एकमेकांसमोर ठेवले. दिसलं ते असं: पाचव्या वर्षाच्या सुमाराला मेंदू शरीराच्या रोजच्या ऊर्जेतला ४३ टक्के वाटा एकटा खातो. मोठ्या माणसात हाच वाटा पाचवा हिस्सा असतो. आणि नेमकं याच वयात पोराची उंची-वजनाची वाढ सगळ्यात मंद होते. मेंदूचं भागावं म्हणून शरीर आपली वाढ तहकूब ठेवतं. बालवाडीतलं, पहिली-दुसरीतलं पोर ‘अंगाला लागत नाही’ म्हणून आजी कुरकुरते. खाल्लेलं अंगाला लागत नाही हे खरं, कारण ते डोक्याला लागत असतं.

मग शाळा सुटते. दप्तर ओसरीवर आपटतं, पायातल्या चपला दोन दिशांना जातात आणि पाणी प्यायच्या आधी प्रश्न येतो, “आजे, काय हाय खायाला?” दुपारी शाळेत खिचडी खाल्लेली असते, तरीही. हे लाडानं होत नाही. १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते बनतं मुख्यतः जठरात आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. त्यातली गंमत अशी, की ते पोट रिकामं व्हायची वाट पाहत बसत नाही, सवयीच्या वेळा ओळखतं. रोज पाचला खायला मिळत असेल तर पाचच्या आधीच ते चढायला लागतं. पोराच्या पोटात कावळे ओरडतात ते घड्याळ पाहून.

शाळेतल्या खिचडीचं मोल कमी नाही. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं नुसतं धान्य नको, शिजवलेलं गरम अन्नच द्या असा आदेश दिला आणि देशभरच्या शाळांत चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज मात्र १७०० कॅलरींच्या आसपास. सरकारी खिचडी पाव गरज भागवते. उरलेला पाऊण भार घरच्या चुलीवर आणि त्यातला मोठा हिस्सा शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या चार तासांत.

त्या चार तासांत बीडकडच्या घरात काय हाताला लागतं? मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तेल, तिखट, मीठ, कांदा लावलेले मुरमुरे, आजीला उत्साह असेल तर त्यांचा सुशीला. टोपल्यातली सकाळची भाकर आणि तिच्यावर शेंगदाण्याची, कारळाची नाहीतर जवसाची चटणी, मधोमध खळगा करून कच्चं तेल. दिसायला गरिबाघरचं खाणं. पण आत काय चालतं ते बघा. गूळ पंधरा-वीस मिनिटांत रक्तात उतरायला लागतो आणि रिकाम्या होत आलेल्या कणगीला टेकू देतो. शेंगदाण्यातलं तेल जठराचं दार हळू उघडायला लावतं, त्यामुळे उरलेलं इंधन तासा-दोन तासांवर पसरतं. तीस ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. शाळेच्या अख्ख्या जेवणातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त, एका मुठीत.

चहा-बिस्किटाबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. पाच रुपयांचा पुडा आणि बशीतला चहा ही आता खेड्यातलीही पाच वाजताची रीत झाली आहे. पोर गप्प बसतं, पण मैदा-साखर झटकन चढते आणि झटकन उतरते, की सातला पुन्हा तीच किरकिर. वर चहातलं टॅनिन धान्य-डाळींतल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही. ज्या घरात लोह धान्या-डाळींतूनच यायचं, तिथे हा सौदा महागात पडतो.

याच्या उलट कांदा. बुक्कीनं फोडलेला कच्चा कांदा भाकरीबरोबर खायची आपल्याकडची जुनी चाल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली प्रयोगशाळेत ज्वारी आणि इतर धान्यं-डाळींबरोबर कांदा आणि लसूण मिसळून पाहिले. शरीराला उचलता येईल असं लोह आणि जस्त वाढलेलं आढळलं. हिवाळ्यात पोरं खिसे भरून बोरं आणतात, त्यातलं क जीवनसत्त्वही लोहाला मदत करतं, फक्त ती जेवणाच्या आगेमागे खायला हवीत.

आणि सीताफळ! बालाघाटच्या मुरमाड उतारांवर, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे ते माजल्यासारखं येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोरांना ते मानांकन आधीपासून ठाऊक होतं. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा पांढरट पिवळ्या होऊन रुंदावलेलं फळ हेरायचं आणि भुसकटात दडवायचं. तोडलेल्या फळातही श्वास चालू असतो. दोन-तीन दिवसांत आतल्या स्टार्चची साखर होते आणि दगडासारखं फळ बोटानं उकलतं. सीताफळाचा बहर सप्टेंबर ते नोव्हेंबर. टोळ्या निघतात त्याच दिवसांत.

टोळी निघताना घरात एकच प्रश्न सगळ्यात जड असतो: पोराचं काय करायचं? इथे मला जे कळलं त्यानं मी चकित झालो. दुपारचं जेवण शाळेत होतंच की. तरीही पोरं शाळा सोडून उसाच्या फडावर जात राहिली. कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायची, धाकट्याला सांभाळायची, वाढ्यांच्या म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायची. कारण दुपारचं जेवण पोराला गावात ठेवू शकत नाही. संध्याकाळचं ठेवतं. रात्री कोण घालणार, याचं उत्तर नसेल तर आई पोराला मागे सोडून जाऊच शकत नाही.

आधी उपाय निघाला साखरशाळांचा: कारखान्याजवळच शाळा भरवायची. मग विचार उलटा झाला आणि हंगामी वसतिगृहं आली. नाव वसतिगृह, पण कित्येक गावांत वेगळी इमारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली, भांडी आणि स्वयंपाक करणारी गावातलीच बाई. कारभार शाळा व्यवस्थापन समितीकडे. सकाळी आणि संध्याकाळी जेवण, दुपारी शाळेची खिचडी आहेच. रात्री बरीचशी पोरं आजी-आजोबांकडे झोपायला जातात. म्हणजे सरकारनं या पोरांना छप्पर दिलं त्याहून जास्त संध्याकाळ दिली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण बीडच्या खेड्यात तो हक्क बजावला जातो तो वरण-भाताच्या पातेल्यातून. २०२१ साली राज्यानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांचं. ती पक्की वसतिगृहं. हंगामी वसतिगृहांत पटावरची पोरं आणि ताटावरची पोरं यांचा मेळ बसत नाही, अशी ओरड अधूनमधून होते. त्यावर लक्ष ठेवायलाच हवं, पण म्हणून कल्पनेचं मोल घटत नाही.

जिथे आजीला झेपतं, तिथे रात्रीची चूल घरीच पेटते. पिठलं आणि ज्वारीची भाकर. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसत्या पाण्यात पीठ धरून राहत नाही. आजी आधणाचं पाणी घेते. कडकडीत पाण्यानं पिठातल्या स्टार्चचे काही कण फुगतात, फुटतात आणि चिकट होऊन बाकीच्या पिठाला धरतात. पीठ जुनं असेल तर त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा चिरतात. काठवटीत तळव्याच्या टाचेनं रगडून, थापून, भाकर तव्यावर पडते आणि वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो. हे पाणी वरचा थर सुकू देत नाही. उलटली, आरावर उभी केली की आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून अधिक जागा मागतं, आणि ती जागा करताना पापुद्रा सुटून वर येतो. भाकर टम्म फुगते. पोर तेवढ्यापुरतं भूक विसरून बघत बसतं.

ज्वारीत एक खोट आहे. तिच्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी आणि पाण्यात शिजवल्यावर तिची प्रथिनं एकमेकांत गुंतून पचायला अवघड होतात. पिठल्यातल्या हरभऱ्यात लायसिन भरपूर. त्याच्याकडे जे कमी, ते बरंचसं ज्वारीत असतं. पीठ आंबवून आंबील केली की तो प्रथिनांचा गुंताही सैल होतो. हे सगळं प्रयोगशाळेत उलगडायच्या कितीतरी आधी चुलीपुढे ठरून गेलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. जग ‘प्रथिनांचा तुटवडा’ म्हणून ओरडत होतं, तेव्हा ते सांगत राहिले की खरा तुटवडा पोटभर अन्नाचा आहे. पोटभर धान्य-डाळ मिळाली तर प्रथिनं बहुतेक भागतात. ऊर्जाच कमी पडली तर शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळतं. म्हणून पिठल्याबरोबर दुसरी भाकर मिळणं महत्त्वाचं. ती पिठल्यातलं हरभऱ्याचं मोल वाया जाऊ देत नाही.

मग जेवता जेवता बोलणं होतं. हार्वर्डच्या कॅथरिन स्नो आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांत लहान मुलांशी होणारं बोलणं वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केलं. मुलांच्या कानावर नवे, कमी वापरातले शब्द सगळ्यात जास्त कुठे पडत होते? गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवताना पडले, त्याहून कितीतरी जास्त जेवताना. बीडकडच्या रात्रीच्या जेवणात काय काय निघतं: बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती फिटली, कोणत्या फडाला ऊस लोळलेला, फोनवर आई काय म्हणाली, म्हशीचा काय आजार, पाटाचं पाणी कधी सुटणार. पोर हात वाळेपर्यंत ऐकत बसतं.

कारळाची चटणी मात्र ते ताटाच्या कडेला सारतं. मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर आयुष्यभर काम केलेल्या लिएन बर्च यांनी दाखवलंय की नवी चव मुलाला रुचायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा तोंडाला लागावी लागते, तीही जबरदस्ती न करता. आजीला बर्चबाई माहीत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर वाढते, आणि पोर कुणाचं लक्ष नाही असं पाहून ती कुत्र्यापुढे टाकतं. कुत्रंही खात नाही.